‘पुन्हा कर’ : क्षमताधिष्ठित शिक्षण आणि आपण



स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी संपादक मंडळाला विचारलं, की आठवणीऐवजी थोडा इतिहास लिहिला तर चालेल का? ‘चालेल, पण सर, कॉलेजातल्यासारखं लेक्चर नको,’ एवढीच अट त्यांनी घातली. सदतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला ही अट अवघड आहे, पण प्रयत्न करतो. इतिहास लिहायचा आहे तो ‘क्षमता’ या एका शब्दाचा. निवृत्तीआधीच्या काही वर्षांत मी जितक्या वेळा हा शब्द कागदावर लिहिला, तितक्या वेळा स्वतःचं नावही लिहिलं नसेल. आणि तरी त्याचा अर्थ मला कॉलेजात नव्हे, आपल्या शाळेतच कळला होता.

आपल्याला भूमिती शिकवणारे सर आठवतात ना? चुकलेल्या प्रमेयावर ते लाल काट मारत नसत. समासात बारीक अक्षरात ‘पुन्हा’ एवढंच लिहीत. दुसऱ्यांदाही चुकलं तर परत ‘पुन्हा’. तिसऱ्यांदा चुकलं, की शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायचे आणि कंपासचं टोक कुठे ठेवायचं इथपासून आपल्या हातून करवून घ्यायचे. ‘आलं का रे? नाही? मग पुन्हा कर.’ आपण त्याला शिक्षा समजत होतो. मार्च १९८० मध्ये आपण दहावीला बसलो. बोर्डाकडे मात्र ‘पुन्हा’ हा शेरा नव्हता. तिथे पास आणि नापास असे दोनच शब्द होते, आणि आपल्या वर्गातले काही जण त्या दुसऱ्या शब्दाबरोबर घरी गेले ते शाळेत परत आलेच नाहीत.

क्षमताधिष्ठित शिक्षणाची सगळी कल्पना या दोन पद्धतींमधल्या फरकात आहे. नेहमीच्या शिक्षणात वेळ ठरलेला असतो. जूनमध्ये वर्ग सुरू, मार्चमध्ये परीक्षा, आणि तेवढ्या वेळात ज्याला जितकं आलं तितके त्याचे गुण. क्षमताधिष्ठित शिक्षणात उलटं असतं. काय यायला हवं ते आधी ठरतं, ते करून दाखवावं लागतं, आणि वेळ मात्र कोणाला कमी तर कोणाला जास्त लागू शकतो. पस्तीस गुणांनी पास झालेल्या मुलाला उरलेल्या पासष्टांतलं काय येत नाही, हे गुणपत्रिका सांगत नाही. विहिरीवर मोटार बसवणाऱ्याला मात्र शंभरातलं पस्तीस येऊन चालत नाही.

ही कल्पना आपल्याकडे काल-परवा परदेशातून आली, असं कॉलेजातल्या नव्या पोरांना वाटतं. ते पूर्ण खरं नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’चा आराखडा तयार केला. हस्तोद्योग मध्यभागी ठेवायचा आणि भाषा, गणित, विज्ञान त्याच्या आधाराने शिकायचं, अशी ती योजना होती. सूत कातणाऱ्या मुलाचं सूत बारीक आहे की जाड, तुटतं की टिकतं, हे तिथल्या तिथे दिसतं. ते पाहायला तीन तासांचा पेपर लागत नाही.

पण वर्धा नकाशावर आपल्याला जवळ असलं, तरी तेव्हा मध्ये सरहद्द होती. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ, १९१८ साली निघालेलं आणि उर्दू माध्यमाचं. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या मराठी मुलासाठी तिथवर पोहोचणं हीच परीक्षा होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झालं आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. तेव्हा आपल्या भागाची पहिली भूक पदवीची होती. पदवीधराला नेमकं काय करता येतं, हे विचारायला कोणाला सवड नव्हती, आणि त्यात त्या पिढीचा दोष नाही.

१९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि तो तास आपल्याही वेळापत्रकात आला. आपण टकळी फिरवली, खडू केले, कागदाची पाकिटं चिकटवली. पण त्या तासाला परीक्षेत वजन नव्हतं, म्हणून बहुतेकदा तो खेळाचा तास झाला. कल्पना चांगली, पण तिला वेळ, साधनं आणि वजन नाही. हे पुढे किती वेळा घडणार होतं, याची तेव्हा कल्पना नव्हती.

त्याच सुमारास अमेरिकेत हा विचार दुसऱ्या वाटेने चालला होता. १९६३ मध्ये जॉन कॅरोल यांनी मांडलं, की बऱ्याचदा ‘हुशार’ आणि ‘ढ’ यांत फरक असतो तो शिकायला लागणाऱ्या वेळाचा. १९६८ मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी त्यावरून प्रभुत्व-अध्ययनाची मांडणी केली : एक भाग पक्का झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. १९७३ मध्ये डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने लिहिलं, की बुद्धिमापन चाचण्यांपेक्षा माणूस प्रत्यक्ष काम कसं करतो ते तपासा. त्याच वर्षी मिलवॉकीच्या अल्व्हर्नो या मुलींच्या महाविद्यालयाने आपलं सगळं पदवी शिक्षणच क्षमतांवर उभं केलं. संवाद, विश्लेषण, प्रश्न सोडवणं अशा आठ क्षमता ठरवल्या आणि श्रेणीऐवजी प्रत्येक मुलीच्या कामावर सविस्तर अभिप्राय द्यायला सुरुवात केली. पुढे १९९७ मध्ये तिथल्या पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून एक विद्यापीठ काढलं. तिथे विषय येतो हे सिद्ध केलं, की पुढे जाता येतं. वर्गात किती तास बसलात, याला महत्त्व नाही.

अल्व्हर्नोबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपले सर आठवले. फरक इतकाच, की तिथे ‘पुन्हा’ लिहिणारं अख्खं कॉलेज होतं. आपल्याकडे एक माणूस होता, तोही शनिवारी, शाळा सुटल्यावर.

महाराष्ट्रात हा विचार ऐंशीच्या दशकाअखेरीस एकदम तीन दारांनी आला. पहिलं दार अकरावी-बारावीच्या व्यवसाय अभ्यासक्रमाचं. त्याचं नावच ‘किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम’. आपण सगळे त्याला एमसीव्हीसी किंवा नुसतं ‘किमान कौशल्य’ म्हणतो. इलेक्ट्रिकल, पीकशास्त्र, फळबाग अशा विषयांत प्रात्यक्षिकाला मोठा वाटा होता. अभ्यासक्रम नीट आखलेला होता, पण आपण त्याचं काय केलं? ज्याला सायन्सला प्रवेश मिळाला नाही, त्याला तिकडे पाठवलं. ‘किमान’ हा शब्द कौशल्याला लावलेला होता. लोकांनी तो पोरांना लावला.

दुसरं दार मुक्त विद्यापीठाचं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. बारावी नसलेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीकडे जाता येईल, अशी वाट त्या विद्यापीठाने काढली. आपल्या वर्गातला एक मित्र, त्याचं नाव लिहीत नाही, मेळाव्यात तो असेलच, १९८० ला गणित आणि इंग्रजीत गेला होता. वसमतला त्याने मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस आणि हळद करणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी त्याच्या हाताने पुन्हा फिरल्या. पस्तिशी उलटल्यावर तो मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाला. निकाल घेऊन तो माझ्याकडे आला होता. पेढे ठेवले आणि म्हणाला, ‘पदवी मिळाली रे, पण मोटारीचं मला कोणी विचारलंच नाही.’

त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्या विद्यापीठाने त्याला दार उघडून दिलं, हे फार मोठं काम. पण त्याला जे उत्तम येत होतं, त्याचं मोजमाप करणारी व्यवस्था तेव्हा कुठेच नव्हती. डिसेंबर २०१३ मध्ये देशात कौशल्य पात्रतेचा राष्ट्रीय आराखडा आला आणि २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधी कामातून शिकलेल्याला मान्यता देण्याची सोय झाली. त्याच्या दुकानातल्या एका पोराने तसं प्रमाणपत्र मिळवलं. मित्राने ते दुकानात लावलंय, स्वतःच्या पदवीशेजारी.

तिसरं दार प्राथमिक शाळेचं. १९९१ मध्ये डॉ. रवींद्र दवे समितीच्या शिफारशींतून ‘किमान अध्ययन क्षमता’ आल्या आणि पुढे राज्याचा प्राथमिक अभ्यासक्रमच क्षमताधिष्ठित झाला. आपल्यातले जे शिक्षक झाले, त्यांना ते क्रमांक अजून पाठ असतील. प्रत्येक क्षमतेला आकडा, प्रत्येक मुलासमोर रकाना. कोणाला काय येत नाही ते नेमकं कळावं, हा उद्देश होता. पण एका गुरुजींपुढे दोन-तीन वर्ग, तपासणीचा दिवस जवळ, आणि मग रात्री कंदील लावून सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. असं करणारे मित्र मला माहीत आहेत. मी त्यांना हसत असे. हसायला नको होतं, कारण मीही तेच करत होतो.

हे सांगण्यासाठीच मी लेखणी उचलली. १९८७ मध्ये एम.एस्सी. होऊन मी अधिव्याख्याता झालो. विद्यापीठ आधी औरंगाबादचं होतं, १९९४ पासून नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. प्रॅक्टिकलला वीस मुलांची बॅच, धड ब्युरेट सहा. चार मुलं एका स्टँडभोवती उभी राहत. एक टायट्रेशन करी, दुसरा रीडिंग लिही, उरलेले दोघे उतरवून घेत. वर्षअखेरीस सगळ्यांची जर्नल पूर्ण, सगळ्यांच्या जर्नलवर माझी सही. परीक्षेत कोणत्या बाटलीत कोणता सॉल्ट आहे, हे मुलांना आमच्या आधी कळत असे. थिअरीत काठावर पास होणाऱ्या मुलाला प्रॅक्टिकलमध्ये पन्नासपैकी पंचेचाळीस मिळत, आणि मुलाचं नुकसान नको म्हणून बाह्य परीक्षक आणि मी दोघेही मान डोलावत असू.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा एक विद्यार्थी पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाला. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मुलाखतीला गेला. तिथल्या माणसाने तोंडी काही विचारलं नाही. समोर ब्युरेट आणि पिपेट ठेवलं आणि पाण्याचा कठीणपणा काढून दाखव म्हणाला. मुलाने पिपेट हातात घेतलं, पण पाणी खुणेवर थांबेना. रंग बदलतो तो नेमका क्षण सापडेना. तीन रीडिंग घेतली, तीनही वेगळी. तो परत आला आणि मला भेटला. रागावला नाही. म्हणाला, ‘सर, तुमच्या बॅचमध्ये मी रीडिंग लिहायला होतो.’

घरी भात-कापूस करणारे वडील, दोन बहिणी लग्नाच्या. त्या मुलाची एक नोकरी माझ्या सहीने घालवली. ती सही खोटी होती असं कोणी म्हणणार नाही, कारण प्रयोग झाला होता आणि तो हजर होता. पण त्याला येतं का, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या वर्षीपासून मी एक साधा नियम केला. वर्षातल्या सगळ्या प्रयोगांचं जमणार नव्हतं, म्हणून एकच टायट्रेशन निवडलं. प्रत्येकाने एकट्याने करायचं, मी समोर उभा राहणार, तीन रीडिंग जुळली पाहिजेत. नाही जुळली तर पुढच्या शनिवारी पुन्हा. गुण नाहीत, नापासही नाही. वीस मुलांना चार शनिवार लागले. बहुतेकांचं दुसऱ्या खेपेला जुळलं. एका मुलीला सगळ्यांत जास्त खेपा लागल्या, आणि त्या वर्षी सगळ्यांत नीट हात तिचा होता. एका प्रयोगाला चार शनिवार लागतात, तर सगळ्या अभ्यासक्रमाला किती लागतील, हा हिशोब मी तेव्हा केला आणि मला या कल्पनेची खरी किंमत कळली. ती किंमत माणसाच्या वेळात मोजावी लागते.

मग शासन आणि परिषदांकडून ही कल्पना मोठ्या नावांनी आली. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि अभियांत्रिकीत निष्पत्ती-आधारित शिक्षण अपरिहार्य झालं. २०१७ मध्ये नॅकने मूल्यांकनाची पद्धत बदलली, आणि कोर्स आउटकम, प्रोग्राम आउटकम, त्यांचं अटेनमेंट हे शब्द आपल्या तालुक्याच्या कॉलेजांत पोहोचले. कोणत्या घटकातून कोणती क्षमता यावी, ती किती टक्के मुलांना आली, याचे तक्ते. ते तक्ते भरताना मला प्राथमिक शाळेतल्या मित्रांच्या कंदिलाची आठवण आली. आमच्याकडे कंदिलाच्या जागी कॉम्प्युटर होता. आकडा शेवटी काय यायला हवा हे आधी ठरे, मग मागे जाऊन रकाने भरले जात. त्यातले काही मी स्वतः भरले आहेत.

जुलै २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२१ पासूनची श्रेयांकांची बँक, आणि जून २०२४ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत सुरू झालेली नवी पदवी रचना यांत कौशल्याचे विषय आहेत, क्षेत्रीय प्रकल्प आहेत, प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण आहे. मी त्याच वर्षी निवृत्त झालो, त्यामुळे त्याबद्दल निकाल देण्याचा अधिकार मला नाही.

पण एक गोष्ट आपल्या दारात आली आहे आणि ती आपल्या जिवाशी निगडित आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात हिंगोलीचं एक आहे. आपल्या लहानपणी हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. १ मे १९९९ ला जिल्हा झाला. आता तिथे डॉक्टर घडणार. आणि देशात एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९ पासून क्षमताधिष्ठित आहे. अमेरिकेतले जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये एक पिरॅमिड मांडला होता : तळाला माहीत असणं, मग कसं करायचं ते माहीत असणं, मग करून दाखवणं, आणि टोकाला प्रत्यक्ष कामात करणं. आपल्या एमबीबीएसच्या क्षमतांना तशाच पायऱ्या लावलेल्या आहेत. रुग्णाशी कसं बोलावं, वाईट बातमी कशी सांगावी, हेही आता शिकवायचं आहे.

माझ्या थोरल्या भावाची नात दुसऱ्या एका जिल्ह्यात एमबीबीएस करते. दिवाळीत तिने मला आपलं लॉगबुक दाखवलं. प्रत्येक कौशल्यासमोर रकाने : पहिला प्रयत्न की पुढचा, अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं की जास्त, आणि शेवटी शिक्षकाचा निर्णय. एका ओळीत ‘आर’ असं अक्षर होतं.

‘हे काय गं?’

‘रिपीट, आजोबा. पुन्हा करायचं.’

मी बराच वेळ ते पान पाहत होतो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपल्या वह्यांच्या समासात जे लिहिलं जात होतं, ते आता देशाच्या वैद्यकीय शिक्षणाच्या अधिकृत वहीत होतं. मी तिला विचारलं, हे ‘आर’ देताना सर खरंच समोर उभे असतात का? ती थोडी थांबली. म्हणाली, ‘हे दिलं तेव्हा होते. कधी कधी मात्र सगळ्यांच्या सह्या एकदमच होतात.’

तिच्या उत्तरात सगळा इतिहास आला. १९३७ पासून आजवर ही कल्पना आपल्याकडे निदान पाच-सहा नावांनी आली. कल्पना दरवेळी बरोबर होती. जिथे कोणीतरी समोर उभं राहून मुलाचा हात पाहिला, तिथे ती रुजली. जिथे माणूस नव्हता, साधन नव्हतं, वेळ नव्हता, तिथे तिचा रकाना झाला. शिक्षकांना दोष देऊन मी हे संपवणार नाही. रिक्त जागा, तासिका तत्त्वावरची माणसं, एका ब्युरेटवर चार मुलं, यांत ‘पुन्हा’ म्हणायला सवड कुठून आणणार? पण ‘पुन्हा’ म्हणता येत नसेल, तर त्याला क्षमताधिष्ठित म्हणू नये, इतकं तरी आपण मान्य करू.

या मेळाव्यात शाळेला भेट काय द्यायची, याची चर्चा चालू आहे. जे ठरेल त्यात माझा वाटा आहेच. त्याखेरीज एक सूचना. आपल्यातले बरेच जण आता निवृत्त आहोत. प्रयोगशाळेत प्रत्येक मुलाच्या हाती एक साधन येईल एवढं साहित्य घेऊ, आणि आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी महिन्यातले दोन शनिवार शाळेला द्यावेत. कोणी मोटार उघडून दाखवावी, कोणी हिशोब, कोणी भूमिती. वसमतच्या मित्राने होकार दिला आहे. मुख्याध्यापकांशी बोलून वेळ ठरवता येईल. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर मी वही ठेवणार आहे, नावं द्यावीत.